बॅनरवरची गोरी बहीण

तलासरी, १४ डिसेंबर २०१७

आज गंजाड गावच्या मुलींसमोर सौंदर्य कोण ठरवतं यावर तासभर कडाडून बोलले. मग फॅशनच्या मासिकांतली चित्रं कापून त्यांतून स्वतःचा चेहरा जुळवायला सांगितलं. सुनीताला तिच्या रंगाचा गाल एकाही पानावर सापडेना. शेवटी पर्सच्या जाहिरातीतलं तपकिरी चामडं कापून तिने चिकटवलं. चामड्याचा गाल!

मग ती म्हणाली, "ताई, बाहेर बॅनरवर तुमची बहीण हाय का? तुमच्यापेक्षा गोरी हाय!" सगळ्या हसल्या.

"मीच आहे ती. स्टुडिओवाले न विचारताच गोरं करतात गं," मी म्हणाले.

खोटं. स्टुडिओवाल्याने बॅनर छापण्याआधी मला फोटो दाखवला होता. मी 'छान आलाय' म्हटलं होतं. का म्हटलं? तो चामड्याचा गाल डोळ्यांसमोरून हलत नाही.

आणि सुनीताने माझ्यावर लगेच विश्वास ठेवला.