चौथा रकाना

४ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा अडकला! गेममध्ये तिसऱ्या वळणावर माझी गाडी मनालीच्या पुढे — आणि पडदा थिजला. नंतर दिसलं ते थेट गाडी भिंतीत घुसलेली, घड्याळ वीस सेकंद पुढे. हेडफोनमध्ये पोरगी ओरडतेय, "बाबा, ब्रेक! ब्रेक मारा ना!" ब्रेक कसला मारतो, कपाळ! कॉम्प्युटरच बंद पडल्यावर?

हा कॉम्प्युटर तिने दिवाळीच्या सुट्टीत स्वतः जोडला. वाशीहून एकेक पार्ट आणला, हॉलमध्ये चादर अंथरून दोन दिवस बसली. मी फक्त स्क्रू धरले. आता ती नागपूरला हॉस्टेलवर, मी इथे उलव्यात. पाळी सुटली की संध्याकाळी सहा ते सात आम्ही बापलेक गाड्या पळवतो. एरवी फोनवर "जेवलीस का"च्या पुढे आमची गाडी सरकत नाही. या तासात मात्र सगळं सांगते.

२३ तारखेला तिच्या कॉलेजची जोडीची ऑनलाइन रेस आहे. जोडीदार म्हणून तिने माझं नाव दिलंय! मैत्रिणी हसल्या म्हणे. हसू देत. पण त्याआधी दोष सापडायला हवा.

५ नोव्हेंबर

मनाली रडवेली. "माझंच काहीतरी चुकलंय बाबा. रॅम नीट बसली नसेल."

मी म्हणालो, तुझं काही चुकलेलं नाही, शोधून दाखवतो. अठरा वर्षं न्हावा शेव्याला क्रेन चालवतोय, मशीनचं दुखणं मला कळतं. बोललो खरा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

रजिस्टर सुरू केलं, बंदरात असतं तसं. तीन रकाने — वेळ, किती सेकंद, काय चालू होतं. बंदरातल्या रजिस्टरला चौथाही असतो: केबिनमध्ये कोण होतं. आम्हा ऑपरेटरांना त्याची जाम चीड. क्रेन बंद पडली की मेंटेनन्सवाले आधी तिथंच बोट ठेवतात. म्हणून आमचं सगळ्यांचं एकच उत्तर ठरलेलं — आधी मशीन बघा! घरी मी एकटाच चालवतो, चौथा रकाना हवाय कशाला?

आजची नोंद: ६.२०, पंचवीस सेकंद, रेस.

रॅम काढून, पुसून परत बसवली. व्हिडिओ कॉलवर मनालीने दोनदा खात्री केली.

९ नोव्हेंबर

आज नाही अडकला. देवा, असाच राहू दे!

१० नोव्हेंबर

अडकला. दोनदा.

भावना चहा ठेवून गेली होती, तो पार गार. वर बोलणी मलाच. "अवो, कान हायत का नाय? तीन हाका मारल्या मी!" कानावर हेडफोन असतो हे बायकोला कधी कळणार?

१२ नोव्हेंबर, बुधवार

आता कामावरही कटकट. ट्रेलरच्या वर कंटेनर आणला होता, खाली घ्यायचा बाकी. एकदम वॉकीटॉकीवर सुपरवायझर आकाशचा आवाज — "धनेशभाऊ, झोपलास काय? कवाचा खाली घे बोलतोय!" कवाचा? मला तर ही पहिलीच हाक. वॉकीटॉकीची बॅटरी गेली असणार. दुसरा घेतला. सगळी यंत्रं एकदम रुसलीत माझ्यावर.

१३ नोव्हेंबर

मनालीने एक प्रोग्राम दिला. मी ड्युटीवर असताना दिवसभर कॉम्प्युटरला नुसतं राबवलं. परत आलो तर ठणठणीत! गरम नाही, विंडोजच्या नोंदीत एकही चूक नाही. मग संध्याकाळी मी बसलो आणि सातव्याच मिनिटाला

वरचं वाक्य अर्धवट राहिलं, डुलकी लागली असणार. पेनाची रेघ पानाच्या तळापर्यंत गेलीय. या कॉम्प्युटरपायी झोपसुद्धा धड होत नाही!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तीन दिवस वाशीच्या दुकानात ठेवून आज परत आणला. दुकानातला केयूर म्हणतो, "काका, एकदा पण नाय अटकला. घरच्या लाइटचा लोचा असेल." लगेच वायरमनला बोलावलं. त्याने सगळे पॉइंट तपासले. "अर्थिंग एक नंबर हाय," म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

म्हणजे दुकानात चालतो, दिवसभर एकटा चालतो, फक्त मी बसलो की रुसतो. काय वाकडं केलंय मी त्याचं?

२० नोव्हेंबर

अडकला. अकरावी नोंद.

मनाली म्हणाली, "नाव मागे घेऊ या बाबा. मला जमलाच नाही तो जोडायला." इतक्या हळू आवाजात, की जीव तुटला. ही पोर आता पुन्हा स्क्रूड्रायव्हर हातात धरणार नाही, याचीच भीती वाटते. मी ओरडलोच — नाव मागे घ्यायचं नाही!

२२ नोव्हेंबर, शनिवार

मनालीचीच कल्पना. फोन कपाटावर उभा करायचा, पडदा आणि मी दोघंही दिसलो पाहिजेत, ती तिकडून रेकॉर्ड करणार. अडकताना पडद्यावर नेमकं काय होतं ते तरी कळेल.

६.३१ला अडकला. "बघ! बघितलंस?" मी ओरडलो. जवळजवळ आनंदानेच.

मनाली म्हणाली, "बाबा, आईला बोलवा."

भावनाने आणि मी मिळून व्हिडिओ पाहिला. पडदा चालूच आहे. घड्याळ पळतंय, मनालीची गाडी वळण घेऊन पुढे जातेय. कंट्रोलर माझ्या हातात, बोटं हलत नाहीत. डोळे उघडे. तोंड नुसतं काहीतरी चघळल्यासारखं हलतंय. स्वयंपाकघरातून भावना हाक मारतेय — एक, दोन, तीन. चोवीस सेकंद. मग मी दचकतो आणि ओरडतो, "बघ!"

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही.

बारा तारखेचा कंटेनर आठवला. खाली आकाश होता, ट्रेलरचा ड्रायव्हर होता. भावनाने माझे हात घट्ट धरले. "डागतरकडं जायचं. हसन्यावारी न्यायचं नाय आता." फोनवर मनाली रडत होती. तिला एवढंच म्हणालो — तू जोडलेला कॉम्प्युटर एकदम चोख आहे गं.

२३ नोव्हेंबर, रविवार

मनाली एकटीच पळवत होती, मी व्हिडिओवर बघत होतो. शेवटून दुसरे आलो. मंगळवारची डॉक्टरची वेळ मिळाली.

रजिस्टरमध्ये चौथा रकाना आखला. बारा ओळी, बारा वेळा माझंच नाव.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पहिली पाळी. भावनाने स्कूटरवरून गेटपर्यंत सोडलं. क्रेनच्या शिडीखाली थांबलो, वर चढलो नाही. आकाशने रजिस्टर उघडलं. "काय झालं मशीनला?"

"मशीनला काय नाय झालं," मी म्हणालो. "माझं नाव लिही."