बिनतोंडाच्या गाडीबद्दल

देशपांडे नगर, हुबळी
दसऱ्यानंतरचा बुधवार

तीर्थस्वरूप अण्णांना हुबळीहून धाकट्या मंगलाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून सध्या कागदावरच वाकते.) आपली प्रकृती ठीक असेल, कुसुमावती वहिनींचे गुडघे फार कुरकुरत नसतील, आणि आपण गोळ्या वेळेवर घेत असाल, अशी आशा करते. (मायन्यात ‘आपण’ लिहायचं आणि पुढच्या ओळीपासून ‘तू’ म्हणायचं, ही आपल्या घरची रीत मी मोडणार नाही.)

तर अण्णा, तुझा परवाचा निरोप मिळाला. तुझा रोहित दिवाळीला इटलीहून येतो आहे आणि त्याला त्याची ती खेळण्यातली गाडी परत हवी आहे, ती त्याला त्याच्या तिकडच्या साहेबांनी प्रेमाने दिली होती, आणि तू मात्र ‘कपाटात धूळ खातेय, दत्तात्रयरावांना गाड्यांची आवड आहे’ म्हणून न विचारता आमच्याकडे पाठवून दिलीस. तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही. दुसऱ्याची वस्तू आहे, परत करायलाच हवी. आमच्या ओळखीची रेश्मा शुक्रवारी तंबोरा दुरुस्तीला मिरजेला येते आहे, तिच्याबरोबर तुझा तो खोका पाठवतेच. पण त्याआधी तू आमच्या घरात नेमकं काय पाठवलं होतंस ते तुला कळायला हवं, म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

उन्हाळ्यात ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं ते तुला ठाऊकच आहे. ऑपरेशन झकास झालं. डॉक्टर म्हणाले, नळ्या आता नव्या घरच्या नळासारख्या वाहतायत. पण घरी आल्यावर हे खुर्चीत बसले ते बसलेच. बोलेनात. चहा देऊ? हं. चहा नको? हं. जोंधळ्याची भाकरी, मुगाची खिचडी, शेजारच्यांचा घटस्फोट, सगळ्याला एकच ‘हं’. अण्णा, चाळीस वर्षं ज्याची बडबड ऐकून मी ‘जरा गप्प बसा हो’ म्हणत आले, तो माणूस गप्प बसल्यावर मला घर खायला उठलं. डॉक्टर म्हणाले, शरीर बरं आहे, आता मन कशात तरी गुंतवा, नाहीतर पुढचं औषध माझ्याकडे नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि मग आपल्या वहिनींच्या पद्धतीने पोहे केले. तेही ‘हं’मध्ये गेले.

अशात तुझा खोका आला. उघडला तर आत तांब्याच्या रंगाची वीतभर इस्त्री. (खरं सांगते, मला आधी इस्त्रीच वाटली. मूठ कुठे गेली म्हणून खोक्यातला भुसा मी दोनदा चाळला.) तुझ्या चिठ्ठीवरून कळलं की ही गाडी आहे, कुणा इटालियन कंपनीने पन्नासेक वर्षांपूर्वी प्रदर्शनात ठेवायला तसली एकच बनवली होती, आणि हा तिचा छोटा नमुना. मी ती ह्यांच्या मांडीवर ठेवली. ह्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, डोळ्यासमोर आडवी धरली, आणि म्हणाले, “हिला बंपरच नाही.” अण्णा, मे महिन्यानंतर ह्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. मी तिथेच देवाला साखर ठेवली.

तुला माहीत आहे, हे जन्मभर बसच्या बॉड्यांची ड्रॉइंगं काढत होते. चौकोनी डबा, त्याला खिडक्या, मागे शिडी. आणि ही गाडी म्हणजे नाकापासून शेपटापर्यंत एक सरळ तिरकी रेघ. दिवे झाकलेले. दारं नाहीतच, समोरची काच वर उचलायची आणि तिथून आत शिरायचं. हे दिवसदिवस त्या रेघेकडे बघत बसायचे आणि मला समजावून सांगायचे की एवढी लांब रेघ कुठेही न अडखळता नेणं म्हणजे काय असतं. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण मी आमटी करपू दिली आणि ऐकत राहिले.

बातमी जुन्या गाड्यांच्या मंडळात गेली. (हे मंडळ म्हणजे रविवारी सकाळी उणकलच्या तळ्याकाठी आपापल्या म्हाताऱ्या गाड्या उभ्या करून एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवणारी माणसं. ह्यांच्याकडे गाडी नाही, नुसती मतं आहेत, तरी त्यांना सभासद करून घेतलं आहे.) मग आमच्या घरी रोज संध्याकाळी दरबार भरू लागला. चुरमुऱ्यांचं गिरमिट, मिरची भजी, चहा, आणि मध्ये पितळी ताटात ती गाडी. भजी ह्यांना वर्ज्य, पण वासाला डॉक्टरांनी मनाई केलेली नाही.

मतं काय एकेक! बॅटरीच्या दुकानाचा हणमंत गाडीच्या पोटाखालून बोट घालायला बघायचा आणि बोट जात नाही म्हटल्यावर मान हलवायचा. त्याच्या मते गाडी सुंदर आहे, पण उणकल क्रॉसचा पहिलाच स्पीडब्रेकर तिला कायमची ठेवून घेईल. रेश्मा दातांची डॉक्टर, आजोबांची जुनी स्कूटर अजून चालवते. तिचं म्हणणं, ही रस्त्यासाठी केलेलीच नाही, पुढे गाड्या कशा दिसाव्यात याबद्दल कुणीतरी पत्र्यात मांडलेलं ते मत आहे, आणि मताला खड्डे लागत नाहीत. शेजारच्या वकीलसाहेबांच्या बायकोचा, भाग्यलक्ष्मीबाईंचा प्रश्न मला सगळ्यात रास्त वाटला: इरकल नेसून समोरच्या काचेतून चढायचं कसं, आणि लग्नाच्या घरी उतरायचं कसं? यावर पुरुषमंडळींनी अर्धा तास विचार केला आणि विषय बदलला.

खरा विरोधी पक्ष म्हणजे आमचे शेजारी जयतीर्थ वकील. त्यांची क्रीम रंगाची जुनी पद्मिनी मोटार तू पाहिली आहेस. त्यांचा मुद्दा एकच. गाडीला तोंड हवं. दोन डोळे, मध्ये जाळी, खाली हसू. समोरून कोण येतंय ते लोकांना कळायला हवं. त्यांची पद्मिनीही मूळची इटलीचीच, म्हणजे इटलीवाल्यांना तोंड करता येत नव्हतं असं नाही. हिच्या वेळी त्यांनी ते मुद्दाम केलं नाही, आणि मुद्दाम केलेल्या गुन्ह्याला शिक्षा जास्त असते. ही गाडी नाही, दाराखाली सारायची पाचर आहे, असा त्यांनी निकाल दिला. हे म्हणाले, तुमची पद्मिनी म्हणजे जास्त फुगलेली इडली. इथपर्यंत सगळे हसत होते. मग वकिलांच्या तोंडून निघून गेलं, “दत्तण्णा, तू जन्मभर डबे काढलास की, म्हणून टोक बघून भुललास.”

अण्णा, हे एकदम गप्प झाले. तेच जुनं गप्प. वकील उठून गेले आणि दुसऱ्या दिवसापासून यायचे बंद झाले. ज्या पद्मिनीतून त्यांनी मे महिन्यात भर दुपारी, हॉर्नवरचा हात न काढता ह्यांना हॉस्पिटलात पोचवलं, तीच पद्मिनी आमच्या दारावरून मान वळवून जायला लागली. ह्यांना मी विचारलं, जाऊन बोलू का? उत्तर आलं, “हं.”

मग आली खंडेनवमी. तुला आठवतंच, आपल्याकडे हत्यारं आणि वाहनं पूजेला मांडतात. शिलाईयंत्र, विळी, आमची स्कूटर, आणि ह्यांनी न सांगता आणून ठेवलेली त्यांची ड्रॉइंगची टी-स्क्वेअर पट्टी. म्हटलं, या इटलीच्या पाहुणीलाही दोन झेंडूची फुलं वाहू. चाकांखाली लिंबं ठेवली. (लिंबू चिरडायचं असतं, पण वीतभर गाडी लिंबाला काय चिरडणार? चार लिंबांनी तिलाच उचलून धरलं. हणमंत म्हणाला, आता ही हुबळीत चालेल.) मग कुंकू लावायला गेले तर लावायचं कुठे? वाहनाच्या तोंडाला लावतात. पुढून पाहिलं तर विळीची धार. मागून पाहिलं तर छान पट्ट्यापट्ट्यांची जाळी, दोन्ही बाजूंना लाल दिवे, खाली दोन धुराच्या नळ्या. मला वाटलं, हेच तोंड. भरपूर ओलं हळदकुंकू लावलं, अक्षता चिकटवल्या आणि आरती केली.

हणमंत बघून म्हणाला, “वैनी, इदक्क मुखान इल्रि!” म्हणजे हिला तोंडच नाही हो, आणि तुम्ही ते शोधून काढलंत ते नेमकं ढुंगणावर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मांडलेली पूजा दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत हलवायची नाही, त्यामुळे गाडी तशीच, लिंबांवर, पाठमोरी, मळवट भरून बसली.

आणि दसऱ्याच्या संध्याकाळी वकील आले. यावंच लागतं. आपल्या या भागात भांडण कितीही असो, त्या दिवशी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, ‘बन्नी तगोंडु बंगारदांग इरोण’, पानं घ्या, सोन्यासारखे राहू. वकिलांनी पानं दिली, ह्यांनी घेतली, वाक्य दोघांनी भिंतीकडे बघून म्हटलं. आता जाणार, तोच त्यांची नजर पूजेवर गेली. “हे काय की वैनी? मागच्या बाजूला कुंकू?” मी जमिनीत जायची जागा शोधत होते, तेवढ्यात हे म्हणाले, “वकील, खाली बसा. तिच्या उंचीला बसून बघा.”

दोघेही खाली बसले. नंतर जवळजवळ आडवेच झाले. एक टाके घातलेली छाती, एक संधिवाताचा गुडघा, आणि दोघे गाल फरशीला टेकवून एका इस्त्रीचं मागचं अंग बघतायत. मग वकील हळूच म्हणाले, “मागनं आहे बघ हिला तोंड.” (वकिलाने एवढं कबूल करणं म्हणजे सुप्रीम कोर्ट झालं.) हे म्हणाले, पुढची रेघ काढणाऱ्याने हुशारी दाखवली आहे, पण मागे त्याने जीव लावला आहे, आणि पद्मिनीचं पुढचं तोंड बघितलं की मला अजून दवाखान्याचा रस्ता दिसतो, ती इडली नाही. वकिलांचे डोळे भरले, पण त्यांनी धूळ गेल्याचं सांगितलं. मग दोघांनाही उठता येईना. भाग्यलक्ष्मीबाई आणि मी एकेकाला काखेत धरून उभं केलं. माझी कंबर धरली ती तेव्हा.

तेव्हापासून दोघे पुन्हा रोज भांडतात. नवा वाद असा की तोंड मागे असेल तर गाडी जन्मभर उलटी चालली का. माझं डोकं उठतं. अण्णा, माझं डोकं उठवल्याबद्दल तुझे किती आभार मानू? तू कपाट साफ केलंस, आणि माझा माणूस मला परत मिळाला.

वहिनींना नमस्कार, रोहितला आशीर्वाद. तुझ्या पाया पडायचं राहिलं आहे, ते भेटीत.

तुझी
मंगला

ता. क. खोका रेश्माबरोबर पाठवते आहे, जपून उघड. आत धारवाडचे पेढे आहेत. गाडी नाही. मी ती भरायला दोनदा गेले; दोन्ही वेळा हे तिच्यासमोर टी-स्क्वेअर घेऊन कागदावर रेघ ओढत बसले होते. रोहितला सांग, आत्याने ठेवून घेतली. रागवायचं असेल तर दिवाळीच्या फराळाला इथे यावं आणि पोटभर रागवावं. शिवाय हळद तिच्या रंगात अशी मुरली आहे की आता साहेबांना ती ओळखूही येणार नाही.

आणखी एक. खरं काम हेच आहे. गाडी परत मागितल्याचं ह्यांना मी सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. रविवारी सकाळी हे तुला स्वतः फोन करणार आहेत. आजवर तुझ्याशी बोलायला फोन नेहमी मीच लावून दिला. आभाराचं वाक्य ते अंघोळ करताना पाठ करतात, मला बाहेर ऐकू येतं. “अण्णा, तुम्ही ती पाठवलीत म्हणून” इथपर्यंत येतात आणि थांबतात. फोनवरही थांबतील. तेव्हा तू घाईने मध्ये बोलू नकोस. वाट बघ. ते बोलतात आता.