दांडीवरचं वजन

आबा, आई गेली. तुम्हाला हे सांगायला मला इतके महिने लागले. तिच्या शेवटच्या दिवसांत जे झालं ते घरात कुणाला नीट सांगता आलं नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे.

आपल्या वावराच्या जागी आता बारा मजली इमारत आहे आणि तिच्याच चौथ्या मजल्यावर आम्ही राहतो. रावेतचं तुम्ही पाहिलेलं काही उरलं नाही. मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे, क्वालिटीत. तुम्ही गेलात तेव्हा माझा डिप्लोमासुद्धा व्हायचा होता, त्यामुळे यातलं काहीच तुम्हाला माहीत नाही. आईचं हृदय थकलं होतं. अंगात पाणी साठायचं, पाय सुजायचे. डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी वजन बघा, एकदम वाढलं तर लगेच घेऊन या. म्हणून सुईचा वजनकाटा आणला. रोज उठल्यावर ती भिंतीला धरून त्याच्यावर उभी राहायची आणि विचारायची, "पास का नापास?"

तिला एकच ध्यास लागला होता, ओतूरच्या पुढे राहणाऱ्या मावशीला भेटायचं. मावशी अंथरुणाला खिळलेली आणि आईला तासभरसुद्धा सलग बसवत नव्हतं. त्यात मावशीच्या घराचा संडास अंगणाच्या पार टोकाला. मग चिखलीतल्या एका ओळखीच्या फॅब्रिकेटरने त्याच्याकडचा कॅम्पर देऊ केला. कॅम्पर म्हणजे जीपच्या मागे जोडून ओढायची चाकांवरची खोली. आत पलंग, छोटा ओटा, संडास. आई जीपमध्ये मागच्या सीटवर आडवी होणार, वाटेत थांबू तिथे कॅम्परमध्ये नीट झोपणार, आणि मावशीच्या अंगणात तो उभा करून चार दिवस राहणार. डॉक्टरही म्हणाले, जाऊन या. आईने मला बजावलं, "तिला कळवू नगं. ती रडून रडून आजारी पडंल. आपून दारातच उभं राहू." निघायच्या आदल्या दिवशी तिने बसल्या बसल्या मावशीसाठी शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली. मी खलबत्ता काढून घेतला तर माझ्यावर डाफरली.

चाकण मागे पडलं आणि रस्ता मोकळा झाला. एक कंटेनर आम्हाला घासून पुढे गेला आणि मागचा कॅम्पर डोलायला लागला. आधी थोडा, मग इतका की जीपचं बूड इकडून तिकडे ओढलं जायला लागलं. ब्रेक मारला असता तर उलटलोच असतो. स्टिअरिंग सरळ धरलं, अॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी आपोआप मंदावू दिली. जीप कडेला घेतली. उतरून मागे गेले आणि बघताक्षणी समजलं. कॅम्परचं दार मागच्या बाजूला, म्हणून आईची कमोडची खुर्ची, ऑक्सिजनचं मशीन, बॅटरी, पाण्याचे कॅन, सगळं मी दाराशीच रचलं होतं.

तिथे मला आपला कांदा आठवला. चाकणच्या बाजाराला जायचंय, ट्रॉली उभी आहे, मी शाळेतून आलेली, तिच्या मागच्या फळीपाशी उभी राहून पिशव्या मागेच ढकलतेय. तुम्ही ट्रॅक्टरवरून उतरता आणि सगळ्या गड्यांदेखत मला ओरडता. "समदं मागं रचलंस तर गाडी उलाळ व्हईल, दांडी वर उचलंल. आन् समदं पुढं कोंबलंस तर टॅक्टरचं तोंड हवेत जाईल. वजन चाकावर बसाया पायजे, दांडीवर थोडं." मला रडू येतं. मग तुम्हीच मला उचलून पिशव्यांवर बसवता आणि बाजारात भेळ घेऊन देता.

आई काच खाली करून विचारत होती, "काय झालं गं?"

"सामान चुकीचं भरलंय आई. असं पुढं नाही जाता येणार."

"मंग हळूहळू जाऊ की."

"घाट आहे पुढं. आणि नीट मोजल्याशिवाय मी तुला घेऊन जाणार नाही."

तिने एकदा पुढच्या रस्त्याकडे बघितलं. ओतूरच्या दिशेला. मग म्हणाली, "घे माघारी. तुझ्या आबांनी बी माघारीच घेतली असती."

रविवारी मी ते काम केलं. भरलेला कॅम्पर ट्रक मोजायच्या मोठ्या काट्यावर नेऊन एकूण वजन काढलं. त्याचा साधारण दहावा हिस्सा तरी दांडीवर, म्हणजे जीपच्या हुकात अडकणाऱ्या टोकावर, यायला हवा, असं फॅब्रिकेटरने सांगितलं होतं. मग इमारतीखाली कॅम्पर सपाट जागी उभा केला, चाकांना दगड लावले, आणि दांडी जीपच्या हुकाच्या उंचीला राहील असा लाकडी ठोकळा घेऊन त्याच्याखाली आईचाच काटा ठेवला. पहिल्यांदा अगदीच कमी भरलं. बॅटरी आणि मशीन चाकांच्या पुढे नेलं, कॅन पुढे बांधले, खुर्ची मधोमध घेतली. पुन्हा मोजलं. मग जमलं.

आई शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून सगळं बघत होती. म्हणाली, "मी बी झोपून बघू का आत?" मी तिला धरून चढवलं. पलंग मागच्या टोकाला, त्यामुळे माणूस तिथे झोपलं की दांडी हलकी होणार, सुई चांगलीच खाली यायला हवी. मी बाहेर येऊन वाकून बघितलं. सुई जेमतेम थरथरली. आबा, रोज सकाळी मी तिचं वजन बघत होते, आकडा मला पाठ होता. पण आपली आई, जी डोक्यावर कडब्याचा भारा आणि कडेवर मला घेऊन वावरातून यायची, ती किती उरली आहे हे मला तिथे कळलं. आतून तिचा आवाज आला, "पास का नापास?" मी म्हटलं, "पास." आणि चाकाआड बसून राहिले.

शनिवारी निघायचं ठरलं. गुरुवारी सकाळी ती काट्यावर उभी राहिली आणि सुई एकदम वर गेली. वजन वाढलेलं बघून क्षणभर बरं वाटलं मला, एवढी मी वेडी. मग भानावर आले. हॉस्पिटलात नेलं. शुक्रवारी संध्याकाळी ती गेली. कॅम्पर खाली तयार उभा होता, चटणीची बरणी आत बांधून ठेवलेली.

दिवस झाल्यावर मी एकटीच मावशीकडे गेले. तिने माझा हात धरून ठेवला आणि विचारलं, "तिला यायचं व्हतं का गं माझ्याकडं?"

"व्हय मावशी. फार."

"मंग का न्हाई आली?"

मी म्हटलं, "डॉक्टरांनी प्रवासाला नको सांगितलं." ती मान हलवत राहिली, म्हणाली, डाक्टरपुढं कुणाचं काय चालतंय. मी चटणी तिच्या उशाशी ठेवली आणि निघाले.

आबा, गाडी वळवली ते बरोबरच होतं, याबद्दल मला शंका नाही. पण आई चाकणच्या पुढे आली होती, दुपारपर्यंत दारात उभी राहिली असती, हे मावशीला सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.