कपाळावरची खोक

तीर्थरूप बाबा,
दुरूनच पाया पडतो. तुमचा गुडघा कसा आहे?

लॅपटॉप बिघडलाय, पण काम अडलेलं नाही. हल्ली कच्चा फोटो कॅमेऱ्यातच उजळता येतो. स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिल फिरवताना तुम्ही श्वास रोखायचात, तसाच मीही बटण दाबताना रोखतो.

सोबत माझा फोटो आहे. डोळ्यांखालचं काळं उजळलं, पण कपाळावरची खोक कॅमेऱ्याला पुसता येत नाही. दिवे लावताना शिडीवरून पडलो, दोनच टाके पडले. आता ठणठणीत आहे. आईला दाखवण्याआधी तुमच्या ब्रशने तेवढी झाका.

लग्नाच्या फोटोतला तिचा तीळ तुम्ही पुसलात, तेव्हा ती आठ दिवस बोलली नव्हती. या वेळी पकडले गेलात तर खुशाल माझं नाव सांगा. रागाच्या भरात का होईना, ती मला चार ओळी लिहील.

तुमचा,
धाकटा