दीपगृहाच्या नोटा

३ ऑगस्ट

ती. भाऊजींना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक. चिऊ सकाळी कामावर जाते, मग मी तिच्या खोलीत शिवणाचं मशीन मांडून बसते. खिडकी बोळात उघडते. समोर सायकल दुरुस्त करणारा आहे, तो दिवसभर शीळ घालतो आणि एकही चाल पुरी करत नाही. तिचा, तुमच्या लेकीचा, लग्नाचा पोशाख अर्ध्यावर आलाय. खांदे अगदी ताईचे आहेत, डावा किंचित खाली. मी मापाची टेप न लावताच कापलं.

फोनवर तुम्ही माझं वाक्य पुरं होऊ देत नाही, म्हणून लिहिते.

इथली रोख कुठे घ्यावी, भाव कुठे चांगला मिळेल, असं तुम्ही विचारलंत. मला जरा गंमत वाटली. भावातलं तुम्हालाच कळतं हे आपल्या घरात सगळ्यांना पाठ आहे. तुमच्या फरश्यांच्या दुकानात तर गिऱ्हाईकांनाही पाठ असेल. तरी विचारलंत म्हणून सांगते.

विमानतळावर बदलू नका. बदललेत तर गाडीभाड्यापुरतेच. तिथल्या खिडकीवर 'कमिशन नाही' अशी मोठी पाटी आहे, आणि त्यांची सगळी कमाई त्या पाटीखालच्या बारीक आकड्यांत आहे. भाव विचारूच नका. एवढे दिले तर हातात किती पडतील ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत आपले पैसे सोडू नका. स्टेशनासमोर एक बाई बसते, तिचा भाव बरा असतो. पण दुमडलेली किंवा शाई लागलेली नोट ती घेत नाही. बँकेच्या मशीनमधून काढलेत तर ते मध्येच विचारतं, तुमच्या देशाच्या पैशात हिशोब करू का? नाही म्हणा. ते आपुलकीनं विचारतं आणि आपुलकीचे पैसे लावतं.

पण कार्डवाले लुटतात, तुम्ही सगळी रोख तिकडूनच आणणार, असंही त्याच पत्रात आहे. म्हणजे विचारलंत कशाला, कोण जाणे. शिंप्याच्या दुकानामागे बसून परदेशी नोटा विकणारा तो माणूस अजून आहे म्हणता. बाजारापेक्षा पुष्कळ स्वस्त देतो म्हणता. असेल. त्याच्याकडच्या नोटेवर चित्र कसलं आहे तेवढं लिहा. सहज विचारते.

लग्नाच्या शनिवारच्या जेवणाचं खानावळवाल्याशी बोलले. तो रोखच घेतो. मुलीचा बाप सगळ्यांदेखत मोजून देणार आहे, हा तुमचा निरोप सांगितला. तो म्हणाला, "द्या की. टेबल मी पुसून ठेवतो." नवऱ्या मुलाची आजी काठी टेकत येणार आहे. जेवणानंतर तुम्ही दोन शब्द बोलणार आणि त्यात माझा किस्सा घालणार, असं चिऊ म्हणाली. मी रस्ता चुकले तो. घाला. लोक हसतात त्याला.

तब्येत सांभाळा. गुडघ्यांना लावायचं तेल बरोबर घ्या.

आपली मेहुणी


२२ ऑगस्ट

ती. भाऊजींना नमस्कार.

दीपगृह. बरं.

तुम्ही लिहिता, नोटा कोऱ्या करकरीत आहेत, हातात धरल्या की वाजतात, आणि त्या माणसानं तुमच्यासाठी खास ठेवल्या होत्या. खऱ्या आहेत ना, एवढं बँकेत जाऊन विचार म्हणता. काल गेले. मध्यवर्ती बँकेची इमारत जुनी आहे, पायऱ्या मधोमध झिजलेल्या, आत बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. नमुना दाखवायला माझ्याकडे एक नोट होती. खिडकीतल्या माणसानं चष्मा कपाळावर सरकवला, नोट उजेडात धरली, बोटानं चाचपली. म्हणाला, "खरी आहे." त्याचं बोलणं जसंच्या तसं कळवते. नोटा खऱ्या आहेत.

पुडकं वाटेत उघडू नका. प्रवासात नजरा वाईट असतात. कोटाच्या अस्तरात शिवून घ्या, उतरल्यावर उसवा. हे तुम्हीच मला शिकवलं होतंत. तेव्हा पुडक्याला तुम्ही चिकटपट्टीही लावली होती, आणि मी विचारलं, "एकदा बघून घेऊ का?" तर तुम्ही म्हणालात, "माझ्यावर विश्वास नाही का?"

तो कोट माझ्याकडे अजून आहे. थंडीसाठी इकडे आणला. परवा त्याचं अस्तर उसवत बसले होते, तेवढ्यात चिऊ आली. तिनं विचारलं, कशाला उसवतेस, चांगला तर आहे. मी म्हटलं, आत काहीतरी राहिलंय. ती चहा ठेवायला गेली, पण जाता जाता मागे वळून बघत होती. लहानपणी ती माझ्याकडे बघायचीच नाही, तुम्हाला आठवत असेल. मी घरी आले की आजीच्या पाठीमागे जाऊन उभी राहायची.

इथे नोकरी मिळाली तेव्हा ती नेमकी याच गावात का आली, हे तुम्ही तिला कधी विचारलंत का? तिची खोली दवाखान्यामागच्या बोळात आहे. खिडकीतून मान बाहेर काढली की ताईच्या वॉर्डाचा जिना दिसतो.

पोशाखाला आता फक्त गुंड्या राहिल्या.

आपली मेहुणी


१८ सप्टेंबर

भाऊजी,

हे पत्र पोस्टानं येणार नाही. तुम्ही विमानतळाच्या दारातून बाहेर आलात की चिऊ तुमच्या हातात देईल. ती काही बोलणार नाही. आधी वाचा. तिनं वाचलंय.

तुमच्या कोटाच्या अस्तरात दीपगृहाच्या नोटा आहेत. खऱ्या आहेत. पण त्या चलनातून गेल्या तेव्हा चिऊचा जन्मही झाला नव्हता. टॅक्सीवाला त्या घेणार नाही. 'कमिशन नाही' पाटीखालची मुलगी घेणार नाही, स्टेशनासमोरची बाई घेणार नाही. खानावळवाला बहुतेक हसेल, चांगला माणूस आहे. तुम्ही मला खऱ्या आहेत का ते विचारलंत. चालतात का, हे विचारलं नाहीत. मला माहीत होतं आणि मी मुद्दाम सांगितलं नाही.

खरं तर तुम्हालाही माहीत असायला हवं होतं.

ताई इथे सहा महिन्यांच्या शिक्षणाला आली आणि आजारी पडली, तेव्हा तुमच्या दुकानात नवा माल उतरत होता. तुम्ही मला पाठवलंत. पैसेही दिलेत, ते नाकारत नाही. त्याच माणसाकडून, त्याच शिंप्यामागून. सगळ्यांत चांगला भाव मिळवला म्हणून तुम्ही माझ्या डबा-पिशव्या उचलताना शेजाऱ्यालाही ऐकवलंत.

मी उतरले तो शनिवार होता. सकाळ होती. खिडकीतल्या मुलीनं नोट उलटसुलट करून परत दिली आणि 'मध्यवर्ती बँक, सोमवार' असं कागदावर लिहून दिलं. टॅक्सीवाल्यानं माझी बॅग डिकीतून काढून फुटपाथवर ठेवली. आपल्याकडचा एक मुलगा होता, त्याच्याकडून नाणी मागून मी तुम्हाला फोन केला. तुम्ही काय म्हणालात ते सांगते, कारण ते मी इतकी वर्षं रोज ऐकतेय. "नोटा खऱ्या आहेत. तुलाच त्यांच्याशी धड बोलता येत नसेल." आणि फोन ठेवलात.

मग मी बॅग घेऊन चालत निघाले. पोचले तेव्हा नर्स पलंगावरची चादर काढत होती. दुपारपर्यंत ताई दाराकडे बघत होती, असं त्या नर्सनं मला हातवाऱ्यांनी सांगितलं. आधी दार दाखवलं, मग घड्याळ, मग स्वतःचे डोळे.

परत आल्यावर तुमच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले होते. चिऊ तुमच्या मांडीवर होती. तुमच्या आईनं विचारलं, "इतका उशीर का झाला गं?" मी म्हटलं, "दीपगृहाच्या नोटा तिथे चालत..." तेवढ्यात तुम्ही बोललात. "रस्ता चुकली ती. परका मुलूख, होतं असं. नोटांचं निमित्त कशाला?" सगळ्यांनी मान हलवली. तुम्ही मला समजून घेताय असं वाटलं त्यांना. आणि सहा वर्षांच्या मुलीला कळायचं ते कळलं. मावशी रस्ता चुकली, म्हणून आई एकटीच गेली.

त्यानंतर तो किस्सा झाला. आधी दबक्या आवाजात, मग दर समारंभात. दर वेळी मी एखादं वळण जास्त चुकायचे. मागच्या वेळी तुम्ही मला बाजारात बांगड्यांपाशी उभं केलंत.

मी बसून ऐकत राहिले. वहिनी, काकू, शेजारच्या बायका, सगळ्यांसमोर. काम आलं की 'पत्ता नीट लिहून दे हं तिला' म्हणायचे. मी हसायचे. पण नोटा मी परत केल्या नाहीत, पुन्हा अस्तरात शिवून टाकल्या, आणि तुम्ही मागितल्या नाहीत. मागितल्या असत्या तर पुडकं उघडावं लागलं असतं.

ते एक वाक्य तुम्ही त्या दिवशी पुरं होऊ दिलं असतंत, तर आज तुमच्या कोटात चालणारे पैसे असते. त्या माणसाकडे तेव्हाचा माल उरला असेल. तुमच्यासारखं गिऱ्हाईक त्याला मधल्या काळात भेटलं नसेल.

अस्तर उसवलं त्या दिवशी चिऊनं चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि नोटांकडे बघत उभी राहिली.

"हे कुणाचे?"

"तुझ्या बाबांनी दिले होते. तुझ्या आईसाठी."

"मग खर्च का नाही केलेस?"

मी सांगितलं. ती मध्ये बोलली नाही. हे तिनं कुणाकडून उचललं, माहीत नाही. सगळं ऐकून म्हणाली, "मावशी, तू कुठे चुकली होतीस ते मला दाखव."

रविवारी आम्ही बसनं विमानतळावर गेलो आणि तिथून चालत निघालो. रस्ता कालव्याच्या कडेनं आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गोदामांची लांबच लांब भिंत. पूल येईपर्यंत एक वळण नाही, आणि पुलावरून दवाखाना समोर दिसतो. चिऊ माझ्यापुढे चालत होती. कुठे बोळ येतोय का, भिंतीला कुठे फट आहे का, ते बघत होती. मला वाटतं, तुमच्यासाठी बघत होती. एखादी सापडली असती तर तिला बरं वाटलं असतं.

पुलावर ती थांबली.

"यात चुकायचं कुठे?"

"मला नाही माहीत. बाबांना विचार."

"तू मला इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू ऐकलं असतंस?"

तिनं थोडा विचार केला. "नाही," म्हणाली. मग माझी पिशवी घेतली आणि घरापर्यंत स्वतःच्या खांद्यावर ठेवली. डाव्या.

माझ्याकडच्या नोटा मी सोमवारी मध्यवर्ती बँकेत नेल्या. पूर्ण किंमत मिळाली. त्या खिडकीत जुनी नोट कितीही उशिरा नेली तरी घेतात, तोच चष्मेवाला होता. ते पैसे घेऊन मी सरळ खानावळीत गेले. शनिवारच्या जेवणाचं बिल भरलंय. पावतीवर ताईचं नाव आहे. नवऱ्या मुलाच्या आजीला चिऊनं सांगून ठेवलंय की जेवण आईकडून आहे. त्यामुळे तुम्हाला टेबलावर काही मोजावं लागणार नाही. खानावळवाल्यानं ते पुसायचं रद्द केलंय.

किस्साही तुम्ही सांगू नका. या वेळी चिऊ सांगणार आहे. तिला तो पुरा माहीत आहे.

तुम्ही आलात तर जेवण वाढलं जाईल, नाही आलात तरी खुर्ची मोकळी दिसणार नाही, एवढी माणसं आहेत. तुम्ही काय करावं ते मी सांगत नाही. तुमचे पैसे बुडणार नाहीत, त्याची काळजी नको. सोमवारी सकाळी बँकेच्या झिजलेल्या पायऱ्या चढा, रांगेत उभे राहा, मिळतील. पण आज शुक्रवारची संध्याकाळ आहे आणि ती खिडकी दुपारीच मिटते. विमानाचं तिकीट स्वस्त बघून तुम्हीच काढलंत.

चिऊकडे फक्त तिचा बसचा पास आहे. पत्र देऊन ती परत निघेल. तुम्हाला सोबत घ्यावं का, हे मी तिला विचारलं होतं. ती गुंडी लावत होती, दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "मावशी, तुला कुणी सोबत घेतलं होतं?"

मी तिला अडवलं नाही.

दारातून बाहेर पडलात की डाव्या हाताला कालवा लागेल. बॅग हलकी असेल तर बरं. पाणी डाव्या हाताला ठेवून सरळ या, पूल ओलांडा, दवाखान्याच्या दारावरून पुढे या. मधे कुणाला विचारायची गरज पडणार नाही. मला पडली नव्हती.

वाट पाहत आहे,
ताईची बहीण