जहाजावरची झोळी

१८ जानेवारी, रविवार

मले जमत नाही म्हणे! मले!

मी आत दूध गाळून राहिली होती. बाहेर अनुप बायकोले सांगून राहिला होता — जहाजावर चार दिवस पाहू, आईले दोन्ही लेकरं झेपतात का. झेपली तं पुण्याले नेऊ, नाही तं पाळणाघर आहेच. माझा पोटचा पोरगा हा! हातमागावर बसून, पायानं झोळीले झोका देत वाढवला याले. तो माझी परीक्षा घेणार.

तेजस्विनीची बाळंतपणाची सुट्टी संपली. दोन फेब्रुवारीपासून तिचं हापिस. दामिनी अडीच वर्षांची, धनंजय आठ महिन्यांचा. तेजूची आई वरठीले, अंगणवाडीत नोकरीवर, तिले काही सोडून जाता येत नाही. म्हणजे उरली मी. आपला हात जगन्नाथ!

पाळणाघराचे फोटो अनुपनं दाखवले. दहा लेकरं एका रांगेत निजवलेली, एकाच्याही आंगावर कोणाचा हात नाही. माझी नातवंडं तिथं जाणार नाहीत. इथं लिहूनच ठेवते.

जहाज म्हणजे अनुपच्या कंपनीचं बक्षीस. घरच्यायले घेऊन जा म्हणे. मुंबईवरून गोवा, तिथून लक्षद्वीप, परत मुंबई. आमच्या यायले म्हटलं, दामूचे आजोबा, तुम्हीही चला. "मले वैनगंगेचंच पाणी पुरे," म्हणाले अन् मागावर जाऊन बसले. यंदा यायचं काही वेगळंच चालू आहे. दिवाळीपासून तुटलेले धागे स्वतःच जोडतात. चाळीस वर्षं ते काम माझं! म्हटलं करा बाप्पा, हौस आहे तं.

१९ जानेवारी, सोमवार

वरठीले गाडी पाऊण तास लेट. फलाटावरच लिहून राहिली आहे.

सामान पाहून अनुपनं कपाळाले हात लावला. तांदूळ-मुगाची डाळ भाजून दळलेली, धनंजयच्या पेजेसाठी. मुरमुरे दोन पायल्या. ओवा, हिंग, खोबरेल. अन् माझं जुनं सुती लुगडं, यायच्याच हातचं विणलेलं. तेजू म्हणते, आई, हे कायले? जहाजात लेकरायले पाळणा देतात. देऊ दे ना! अनुप याच लुगड्यात दोन वर्षं झोपला. नरम इतकं झालं आहे की साय.

चहा आला. तेजूनं पेला धरला अन् लगेच सोडला, इतका चटका. मी आरामात धरून बसली. ती पाहतच राहिली. म्हटलं, हे कामाचे हात आहेत माय, लोण्याचे नाहीत.

२० जानेवारी, मंगळवार

चढलो बाप्पा. जहाज कुठं, ते आख्खं भंडारा शहर आहे! मोठा बाजार धरून.

रांगेत दोन तास उभं. लेकरंवाले सगळे घामाघूम. आमचा धनंजय माझ्या खांद्यावर शांत. मंग भोंगा वाजला, सगळ्यायले गोळा केलं, जहाज बुडलं तं काय करायचं ते शिकवलं. धनंजयले एवढंसं नारंगी जाकीट घातलं तं त्याचं तोंडच दिसेना. दामूनं जाकीट घालूनच जेवण केलं, काढू देईना.

जहाजाचा पाळणा पाहिला. लोखंडी पिंजरा! झोळीतलं लेकरू त्यात निजते काय? मी लुगडं पिशवीतच राहू दिलं. उद्या सगळ्यायचे डोळे लाल असले की विचारतील.

२१ जानेवारी, बुधवार

डोळे लाल! माझे सोडून.

आज दामूचा तमाशा. पोहायच्या टाक्यात लंगोटवाल्या लेकरायले मनाई आहे. नियम म्हणजे नियम. दामू तिथंच आडवी पडली, हातपाय आपटून रडली, आजूबाजूचे लोक पाहू लागले. अनुप मोबाईल काढून तिले कार्टून दाखवायच्या मागं. मी उचलली, खोलीतल्या न्हाणीत नेली, एक मग तिच्या हातात, एक माझ्या. म्हटलं, चाल, तू मले आंघोळ घाल. मी चिंब झाली, ती खुश झाली. अर्ध्या तासानं स्वतःच म्हणाली, बस.

पहिला पेपर पास! अनुपनं पाहिलं अन् मोबाईल खिशात टाकला, शाबासकी नाही. बाप तसा लेक.

फ्रॉकची बटनं मात्र फार बारीक करतात आताशा. तेजूनं लावली.

२२ जानेवारी, गुरुवार

आजचं सगळं लिहिते. जसं झालं तसं.

सकाळी जहाज लक्षद्वीपापाशी थांबलं. बेटावर छोट्या बोटीनं नेतात, ऊन मरणाचं. मी म्हटलं, तुम्ही दोघं जा, लेकरं माझ्यापाशी. अनुप घुटमळला. मंग मी सरळ सांगून टाकलं, "जा ना. परीक्षा पाहायची होती ना माझी?" त्याचं तोंड उतरलं. मी ऐकलं होतं हे त्याले आता समजलं. गेले दोघं.

दुपारी धनंजय रडून रडून लाल. पेज खाल्ली, दूध प्यायला, ओवा शेकून पोटाले लावला, तरी डोळ्याले डोळा नाही. तीन दिवसांची झोप बाकी त्याची. काढलं लुगडं. भिंतीले एक खाट दुमडून लावलेली आहे, तिचं स्टीलचं कडं — एक टोक तिथं. अन् छतातून पितळेची खुंटी निघालेली, बरोबर गादीच्या वर. म्हटलं, जहाज बांधणाऱ्यायच्या घरीही लेकरं असतील! दुसरं टोक तिथं, सुतळी लावून. झोळी गादीच्या वर वीतभरच, अन् खाली दोन उशा. आमच्याकडं तसाच नियम आहे.

पाच मिनिटांत लेकरू गाढ. झोका तं जहाजच देऊन राहिलं होतं, मले हात लावायचं काम नाही. दामू गादीच्या कोपऱ्यात मुरमुरे खात बसली. मले इतकं बरं वाटलं की दोघायनं आत्ता यावं अन् पाहावं असं झालं.

अन् सटकन आवाज. झोळी कलली, खुंटीले झटका बसला, खुंटी तुटली — अन् छतातून पाणी! गोसीखुर्द धरणाचं दार उघडावं तसं! आगीचं पाणी ते. आग लागली की त्या तोटीतून आपोआप पडते म्हणे. मले कोण सांगणार?

धनंजय उशीवर पडला. जागा झाला, माझ्याकडं पाहून हसला. ओरखडा नाही. एका काखेत तो, एका काखेत दामू, मी दाराबाहेर. जहाजाचे चार-पाच माणसं धावत आले. दुसरी खोली दिली. अनुप अन् तेजू परतले तेव्हा आम्ही तिघं जहाजाचे पांढरे टॉवेल गुंडाळून बसलो होतो.

अनुप भडकला. आई, तुले विचारता येत नाही काय, ती खुंटी आहे काय, लेकराले काही झालं असतं तं. मीही कमी नाही. म्हटलं, त्या तोटीची नळीच कच्ची होती. माझी गाठ आहे ती, सुटत नसते.

तेवढ्यात दामू बोलली, "आजीची गाठ सुटली."

सगळे हसले. मी म्हटलं, लेकरू काहीही बोलते.

नळीच कच्ची. बस.

२३ जानेवारी, शुक्रवार

पास!

जहाजाचा मोठा अधिकारी स्वतः आला. लोकं त्या तोटीले ओले कपडेही टांगतात म्हणे, दर खेपेले कुठं ना कुठं हेच. अनुपचा राग तिथंच उतरला. मंग माझ्यापाशी येऊन बसला. लेकरायले खरचटलं नाही, दामू रडली नाही, दुसरी कोणी असती तं किंचाळत बसली असती, म्हणाला. तेजूनं मोबाईलवर लगेच पुण्याचं तिकीट काढलं. तीस तारीख. पाळणाघर रद्द!

यायले फोन केला. "बरं," एवढंच बोलले.

दामूनं दिवसभर एकच खेळ काढला. बाहुली टॉवेलात बांधते, टॉवेल सोडते, बाहुली पाडते. "आजीची गाठ सुटली." पुन्हा बांधते. संध्याकाळी तेजूनं तिले दटावलं — खोटं बोलू नये बेटा, आजीनं काय सांगितलं? नळी तुटली. दामूनं बाहुली खाली ठेवली अन् माझ्याकडं पाहत राहिली. अडीच वर्षांचं लेकरू! मी खिडकीतून समुद्र पाहत बसली.

जेवण गेलं नाही. जहाजाचं जेवण असंच असते.

२४ जानेवारी, शनिवार

उतरलो. रात्रीची गाडी. पेन दोनदा हातातून पडला. गाडी फार हलते.

२५ जानेवारी, रविवार

घरी. आंघोळ, वरण-भात, मंग यायले सगळं सांगितलं. जहाज, न्हाणी, झोळी, नळी. यायनं पूर्ण ऐकून घेतलं. मंग विचारलं, "गाठ कोणत्या हातानं ओढली होती?"

मी अशी भडकली की शेजारच्या ललिताबाई दारात आल्या. चाळीस वर्षं गाठी मारल्या, हात काय मोजायचे! हे उठून मागाकडं गेले.

दुपारी ते बाजारात गेले तेव्हा मीही मागाकडं गेली. मागच्या फळीवर कोशाच्या रेशमाचं एक कापड गुंडाळलेलं. दिवाळीच्या आधीचं, ज्याचे धागे मी जोडले होते ते शेवटचं. उलगडून पाहिलं. जिथं जिथं माझी गाठ, तिथं तिथं धागा निसटलेला. यायनं ते विकलं नाही. कोणाले दाखवलंही नाही. मले तं नाहीच.

म्हणजे यायले दिवाळीपासून माहीत. अन् मले? मलेही. पणतीचं तेल सांडून बोटाले फोड आला तो मले दुसऱ्या दिवशी दिसला. उजव्या हाताची तीन बोटं आहेत अन् नाहीत. गाठ घट्ट बसली का ढिली, ती मले सांगतच नाहीत. त्या दिवशी कड्याची गाठ पहिले सुटली. मी डोळ्यानं पाहिली सुटताना. मंग झटका बसला, मंग नळी. नाचता येईना अंगण वाकडं! अन् त्यापायी मी माझ्या नातीले खोटं पाडलं.

उशा होत्या म्हणून लेकरू हसलं. पुण्यात आठव्या मजल्यावर, अनुप-तेजू हापिसात, माझ्या हातात गरम पेज अन् काखेत धनंजय... मले भीती वाटून राहिली आहे. नातवंडं हातची जातील याची, अन् हातून पडतील याचीही. सांगितलं तं पाळणाघर. नाही सांगितलं तं — नाही लिहिवत.

२६ जानेवारी, सोमवार

तेजूले सांगितलं. गाठच सुटली होती, दामू खरी, लेकरं मले एकटीले सोपवू नका.

ती येऊन माझ्यापाशी खाली बसली. मंग माझा हात हातात घेतला, एकेक बोट दाबून पाहिलं. लागते? नाही. हे? नाही. रडली. मंग उठून लुगडं घेऊन आली, माझ्यासमोर टाकलं.

"पुण्यात पहिले डॉक्टर. अन् घरी एक बाई ठेवू, तुमच्या हाताखाली. गाठ मी मारीन आई, झोका तुम्ही द्या. आता शिकवा."

दामूची माफी मागितली. ती म्हणाली, अजून एकदा पाणी पाड.

तेजूची पहिली गाठ सुटली, दुसरी सुटली. पाचवी बसली. गाठ शिकवायले बोटं कुठं लागतात? तोंड लागते. ते माझं शाबूत आहे!