कुडपणच्या लग्नात माझी गाडी

महाड

तीर्थरूप मामांस,

जावई मुरारीचा वाकून नमस्कार (कंबर गाडीने आधीच वाकवून ठेवली आहे, त्यामुळे वेगळे कष्ट पडले नाहीत). आपला गुडघा आणि मामींचं पित्त शांत असेल अशी आशा आहे. फोनच केला असता, पण मी आपल्याशी बोलायला लागलो की समीक्षा शेजारी येऊन उभी राहते आणि माझी वाक्यं पूर्ण करते. म्हणून पत्र.

कुडपणला माझ्या चुलतबहिणीच्या, तेजश्रीच्या लग्नात जे झालं ते लेकीकडून आपल्या कानावर आलंच असेल. त्यात माझी बाजू नसणार, ती कळवतो. माझी मोटारसायकल आपण ओळखताच. एमआयडीसीत कायम झालो तेव्हा घेतलेली. किक मारण्याआधी तिला डावीकडे कलती करावी लागते आणि हॉर्न फक्त उजवीकडे वळताना वाजतो, पण इतक्या वर्षांत तिने मला कधी फसवलं नाही (मागे बसणाऱ्यांचं मत वेगळं आहे). समीक्षा कधीची म्हणत होती, शोरूममध्ये जाऊन नवी बघूया. मी म्हटलं, जुनं झालं म्हणून कुणी घरातलं माणूस बदलतं का? यावर तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, तेव्हा विषय मीच थांबवला.

लग्नाच्या सकाळी पोलादपूर सोडून घाट चढायला लागलो आणि अर्ध्यात गाडी बंद पडली. मी प्लग पुसत होतो, समीक्षा शालू सावरत दगडावर बसली होती (मी तिला दरी बघायला सांगितलं). तेवढ्यात भावकीतला शुभम नव्या गाडीवरून आला, बसा वयनी म्हणाला, आणि ही बसली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मग मांडववाल्याचा टेम्पो आला. त्याने दया येऊन मला आणि गाडीला खुर्च्यांच्या ढिगावर चढवलं आणि ती हलू नये म्हणून झालरीच्या कापडाने बांधली. शेजारी झेंडूच्या माळांची टोपली होती. ती पहिल्याच वळणावर कलंडली आणि सगळ्या माळा हँडलवर आल्या.

अशा थाटात आम्ही मांडवाच्या दारात उतरलो. वऱ्हाड नुकतंच टेकलं होतं. नवऱ्यामुलाच्या वडिलांनी गाडी बघितली, माळा बघितल्या, आणि हा नवरदेवाचा आहेर असं ते समजले. काकांना बाजूला घेऊन फार दुखावल्या आवाजात म्हणाले की आमचं मागणं काहीच नव्हतं, पण द्यायचीच होती तर निदान असली नको होती, चार माणसांत शोभा झाली. वऱ्हाडातल्या वडीलधाऱ्यांनी चहाचे कप खाली ठेवले. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी मी पुढे होऊन सांगितलं की गाडी माझी आहे, आणि त्यांना पटावं म्हणून ती कलती करून किक मारली. मामा, घाटात माझा घाम काढणारी ती बया पहिल्या किकला सुरू झाली.

व्याह्यांचा चेहरा उजळला. "चालू हाय की," ते म्हणाले. "मंग राहू द्या."

आता काका माझ्याकडे बघायला लागले. मग अख्खी भावकी. एकीकडे बहिणीचं लग्न, एकीकडे गाडी. मी चावी मुठीत धरून विचार करत राहिलो (विचार बराच वेळ चालला, हे समीक्षा अजून ऐकवते). तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेली तेजश्री स्वतःच बाहेर आली. बारावीच्या परीक्षेला मीच तिला न्यायचो. निघताना गाडीवरून, पोचताना चालत. ती सासऱ्यांना शांतपणे म्हणाली, "बाबा, ती गाडी तुमच्या दारात आली, तर मी येणार नाय."

आधी नवरदेव हसला, मग सगळे. व्याही ओशाळले, कप पुन्हा उचलले गेले, अक्षता पडल्या. माझी गाडी वाचली. मला मात्र कुणी शाबास म्हटलं नाही. एखाद्या गोष्टीला धरून राहणं म्हणजे काय, हे समजणारी माणसं आता थोडी उरली आहेत. त्यांत आपण एक, म्हणून एवढं लिहिलं.

मामींना नमस्कार.

आपला जावई,
मुरारी

ता. क. समीक्षाने गेल्या आठवड्यात नवी गाडी घेतली. तिच्या नावावर. शाळेत शिकवायला जाताना ती मला कंपनीच्या गेटवर सोडते. मी मागे बसतो.

ता. क. २. गाडी फार छान आहे. बटण दाबलं की सुरू होते. चावी मात्र ती पर्समध्ये ठेवते. आपला शब्द ती मोडत नाही, तेव्हा रविवारी तरी चावी मला द्यावी, एवढं तिला सांगावं. मी मागितली असं म्हणू नये. माझ्या निष्ठेचा प्रश्न आहे.